पंचक सुटेपर्यंत

माझ्या कार्डावर 'रेसिडेन्शियल प्रॉपर्टी मॅनेजर' असं छापलंय. नांदेडात त्याचा अर्थ एवढाच की लिफ्ट अडकली, टाकी ओसंडली, कुणाच्या पार्किंगमध्ये कुणाच्या पाहुण्याची गाडी लागली, तरी हाक एकच येते: "अन्वरभाई!"

चहाच्या टपरीवर दोस्त विचारतात, "काय नवीन?" मी म्हणतो, "तिसऱ्या मजल्याचा नळ गळतोय." कारण खरं सांगायला बसलो की एकाच्या शेपटाला दुसरा किस्सा लागतो आणि चहा थंड होतो. लातूरला माझा मेव्हणा हेच काम करतो. त्याचे सगळे किस्से टँकरचे आणि पाण्याच्या भांडणांचे. माझ्याकडे मात्र, का कोण जाणे, मरणाचेच किस्से जमलेत. घाबरू नका, मधेमधे हसायलाही येईल. मलाही येतं, मग नंतर वाईट वाटतं.

*

नोकरीचा पहिला महिना. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा वारले. तिसऱ्या दिवशी बघतो तर गेटात टेम्पो उभा, आणि त्यांच्या घरचं सामान भराभर उतरून राहिलं. गाद्या, गॅस, फ्रीज, सगळं.

मी टेम्पोच्या पुढं हात पसरून उभा राहिलो. "असं कसं चाललात? नोटीस कुठंय? महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते!"

मुलाचं डोकं भादरलेलं होतं. त्यानं माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "नोटीस तर बापाला बी न्हाई भेटली, भाई."

मी बाजूला झालो.

मग त्यानंच समजावून सांगितलं. माणूस वाईट नक्षत्रावर किंवा पंचकात, म्हणजे महिन्यातल्या त्या पाच अशुभ दिवसांत गेला, तर घराला दोष लागतो. मग घर सोडायचं. नक्षत्र बघून कुणाला तीन महिने, कुणाला सहा. तेवढे दिवस त्या घरात दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. दाराला कुलूप, आणि कुलपावर बाभळीची काटेरी फांदी. तेलंगणाच्या बाजूला ही रीत जास्त, पण देगलूर, बिलोली करत करत ती आमच्या लिफ्टनं वरच्या मजल्यापर्यंत आलेली आहे.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती चक्रावली. "अपने में तो मय्यत के घर में चालीस दिन लोगां भरे रहते. इनो ताला लगाको जाते क्या?"

अब्बांनी पेपरातून डोकं न काढता निकाल दिला. "ताला कायकू लगाते वो मत पूछ. चाबी संभाल!"

तेव्हापासून मी चाबी सांभाळतो. हळूहळू पंचांगही कळायला लागलं. आमच्या बिल्डिंगीत कुणी आजारी पडलं की मी आधी कॅलेंडर बघतो, मग डॉक्टरचा नंबर शोधतो. हे मला शोभत नाही, पण सवय लागली.

*

त्याच बंद फ्लॅटच्या समोर एक बँकेचे साहेब राहायला आले. पुण्याहून बदली झालेली. माणूस स्वच्छतेचा भोक्ता. पहिल्याच सकाळी समोरच्या दाराला काटेरी फांदी अडकलेली दिसली. त्यांनी ती उचलली, खाली आणली आणि माझ्या केबिनसमोर आपटली.

"मॅनेजर, कॉरिडॉरमध्ये कचरा टाकतात लोक! तुम्ही काय करता?"

मी कचरा कसला ते सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. "अरे बापरे. मग आता?"

"आता काय, दुसरी लावा. पण लावायची कुणी, ते गुरुजींना विचारावं लागेल."

साहेब बिचारे ऑफिसला न जाता स्कूटर घेऊन बाभूळ शोधायला निघाले. गावाकडं बांधाबांधावर बाभळी, पण शहरात पाहिजे तेव्हा एक सापडेल तर शपथ! दुपारी घामाघूम होऊन आले. हातात बोगनवेलीची फांदी, तीही गुलाबी फुलांसकट.

आमचे गुरुजी त्याच वेळी तिसऱ्या मजल्याच्या पूजेला आले होते. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. गुरुजींनी फांदीवरून अंगठा फिरवला.

"काटा आहे ना? मग चालतं," म्हणाले, आणि लिफ्टमध्ये शिरले.

तीन महिने त्या दाराला वाळकी गुलाबी फुलं होती. सुतकातलं एवढं देखणं दार मी दुसरं बघितलेलं नाही.

*

आता कोत्तावार शेठ. कापडाचं दुकान, आमच्या बिल्डिंगीत त्यांचे बरेच फ्लॅट. भाडेकरू शोधणं, करार करणं, चाव्या देणं-घेणं, सगळं माझ्याकडं. घरात तेलुगू बोलतात, दुकानात मराठी, आणि चिडले की गप्प बसतात.

बाकीचे मालक भाडेकरूला विचारतात, "खाता काय? करता काय?" शेठचा पहिला सवाल एकच.

"घरात म्हातारं माणूस हाय का?"

हाय म्हटलं की फ्लॅट नाही. सरळ हिशोब. म्हातारं माणूस घरात गेलं आणि दिवस वाईट निघाला, तर घर बंद. हॉस्पिटलात गेलं तर घराला दोष लागत नाही, असं ते मानतात. मला हे फार कठोर वाटायचं. मनात म्हणायचो, याला माणसांपेक्षा भिंतींची काळजी.

मग त्यांची स्वतःची आई गेली. बंगल्यातच, धनिष्ठा नक्षत्रावर. म्हणजे सहा महिने.

लोकांनी समजावलं. बंगला मोठा, घरात नातवंडं, दुकानाचा माल मागच्या खोलीत. गुरुजीसुद्धा म्हणाले, "शेठ, शांती करू, दान करू, मार्ग आहे." सगळे बोलून थकले तेव्हा शेठ एवढंच म्हणाले, "लोकांची घरं मी बंद करायला लावली. माझं उघडं ठेवू?"

आणि खरंच, सहा महिने तो माणूस आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बायकामुलांसकट दाटीनं राहिला. सकाळी दुकानाला जाताना स्वतःच्या बंगल्याच्या गेटपाशी गाडी थांबवायचा, काच खाली करून आत बघायचा आणि पुढं जायचा. एकदा मी मागच्या सीटवर होतो. अंगणातली आईनं लावलेली शेवंती वाळून चालली होती. मी म्हटलं, "शेठ, पाणी तरी घालून येतो मी. मला कसला दोष?"

"नको," ते म्हणाले. काच वर केली आणि गाडी पुढं काढली.

त्या दिवसापासून मी त्यांना कठोर म्हणणं सोडलं. पटत नव्हतं ते नव्हतंच, पण हा माणूस नियम दुसऱ्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक असा ठेवत नाही, एवढं कळलं.

*

सुनीता आली ती अशा मालकाकडं.

भोकरची बाई, नवरा वारलेला, कोचिंगच्या पोरांना डबे करून देणार म्हणाली. शेठनी नेहमीचा सवाल टाकला. ती खाली मान घालून म्हणाली, "न्हाई. मी एकटीच."

करार झाला. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. वर गाद्यांचा ढीग, आणि ढिगावर मांडी घालून बसलेली एक म्हातारी! नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात पोळपाट. सुनीताची सासू, गयाबाई.

मी डोक्याला हात लावला. लपवाछपवी करायला वेळच नव्हता, कारण शेठ स्वतः चाव्या द्यायला आले होते. ते टेम्पोकडं बघत राहिले. सुनीता रडायच्या बेताला आली.

शेठ म्हातारीला म्हणाले, "आजी, वय काय तुमचं?"

गयाआजीनं त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"मालक, वय इचारून राहिले का तारीख?"

मी जमिनीकडं बघत उभा राहिलो. शेठ जेव्हा हसले, तेव्हा आधी मला वाटलं खोकला आला. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि खाली उतरणाऱ्या आजीच्या हातात ठेवली. चावी सुनीताला द्यायची होती हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

*

गयाआजी रोज दुपारी लिफ्टनं खाली यायची आणि माझ्या केबिनमधल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची. वाचता येत नव्हतं.

"अन्वर लेका, पंचक कवा हाय?"

मी दाखवायचो. इथून इथपर्यंत.

"हां. म्हंजे त्या आधी नाय तर त्या नंतर," असं पुटपुटत ती परत जायची. पहिल्यांदा मला वाटलं, काही खरेदी असेल, गावाला जायचं असेल.

एक दिवस सुनीता खाली आली. हात पिठाचे. "भाऊ, ते कॅलेंडर काढून टाका बरं! पंचकात म्हातारी गोळ्या येळच्या येळी घेते, दोन-दोन भाकरी खाते. पंचक सुटलं की ताट लोटून देते, पाणी बी नको म्हणते. मरायला मुहूर्त बघून राहिली!"

मी हसलो. सुनीता हसली नाही, तेव्हा मीही थांबलो.

कॅलेंडर मी उलटं करून टांगलं. दुसऱ्या दिवशी आजी आली, उलटा कागद बघितला आणि स्टुलावर बसली.

"पालथं घातल्यानं दिस थांबतेत का, लेका?"

मग तिनं सांगितलं. भोकरला तिचा मुलगा घरातच गेला. नक्षत्र वाईट निघालं. सासू-सुनेनं रीतीप्रमाणं घर सोडलं, शेतातल्या पत्र्याखाली जाऊन राहिल्या. दिवस भरले, परत आल्या, तर घरात दीर बायकापोरांसकट राहायला आलेला. म्हणाला, बंद घर पडून जातंय म्हणून आलो. तो काही निघाला नाही. पंच बसले, उठले.

"लेकाच्या येळंला घर सोडलं ते सोडलंच," आजी म्हणाली. "आता माझ्या येळंला सुनीनं हे बी सोडायचं? चूल चार म्हैने बंद पडली तर पोरं काय उपाशी बसतेत? दुसरीकडं डबा लावतीन. तिचं काय मग? म्हून म्या बघून जाणार."

मी कॅलेंडर सरळ केलं. दुसरं काय करणार होतो?

*

पावसाळा संपता संपता आजीनं अंथरूण धरलं. डॉक्टर घरी येऊन गेले आणि जिन्यात मला म्हणाले, "आता सेवा करा."

दोन दिवसांनी पंचक लागणार होतं.

शेठचा फोन आला. "अन्वर, त्यांना सरकारी दवाखान्यात हलवायला सांग. मी गाडी देतो."

मी वर जाऊन सांगायच्या आतच लिफ्टचं दार उघडलं. आत भिंतीला धरून आजी उभी. अंगात ताकद नाही, पण काखेत गाठोडं. कशीबशी माझ्या स्टुलावर येऊन टेकली आणि म्हणाली, "ऑटो बोलाव. दवाखान्यात न्हाई तर जळकोटला लेकीकडं. कुठं बी. पंचक लागायच्या आत मला भाईर काढ."

आता बघा, मालक म्हणतो न्या, म्हातारी म्हणते न्या. मी मोबाइल काढला, ऑटोवाल्याचा नंबर लावला.

तेवढ्यात जिन्यानं सुनीता धावत आली. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि टेबलावर ठेवला. मग सासूपुढं उभी राहिली.

"घर ऱ्हावं म्हून तुमाला मरायला भाईर काढू? अन् मग त्या घरात भाकरी कशी गिळू मी?"

"सुने, येडी हो नको. घर जाईल."

"जाऊ द्या."

आजी काही बोलायला गेली. सुनीतानं गाठोडं उचललं, तिच्या बगलेत हात घातला आणि आवाज चढवून म्हणाली, "चला वर! तव्यावर पोळी करपून राहिली!"

दोघी लिफ्टमध्ये गेल्या. मी शेठना फोन करून सांगितलं की त्या येत नाहीत. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. चिडले होते.

*

पंचकाचा शेवटचा दिवस. दिवेलागणीला ते सुटणार होतं, मी सकाळीच कॅलेंडरात बघून ठेवलेलं. मनात एकच, आजी, आजचा दिवस काढ. मी मुसलमान माणूस, नमाजात पंचक सुटायची दुआ मागत होतो! अल्लाहला काय वाटलं असेल, त्यालाच माहीत.

भर दुपारी शेठ आले. पांढरे कपडे, चेहरा गंभीर. "मी स्वतः बोलतो त्यांच्याशी. अजून वेळ हाय, गाडी खाली लावलीय," म्हणाले. मी त्यांच्या मागं वर गेलो.

स्वयंपाकघरात डब्यांच्या रांगा तशाच रिकाम्या. त्या दिवशी सुनीतानं डबे केलेच नव्हते. ती आजीच्या उशाशी बसली होती. श्वास वाजत होता. शेठ दारात थबकले. बोलायचं ठरवून आले होते, पण शेवटी ते खाली फरशीवर बसले.

आजीनं डोळे उघडले. सुनीताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मग शेठवर नजर लावली.

"मालक," ती म्हणाली, "सुटलं का पंचक?"

खिडकीतून ऊन थेट अंथरुणावर आलेलं होतं. सुनीता माझ्याकडं बघायला लागली. मी काय सांगू?

शेठ पुढं सरकले. "सुटलं, आजी," ते म्हणाले. "कवाच सुटलं."

"खरं?"

"खरं."

आजीच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं. तिनं तोंड उघडलं. सुनीतानं पाण्याची वाटी उचलली, ती शेठनीच घेतली आणि चमच्यानं पाणी पाजलं. एक घोट आत गेला. दुसरा बाहेरच आला.

सुनीतानं जो हंबरडा फोडला, तो ऐकून अख्खा मजला धावत आला. मी जिन्यात जाऊन गुरुजींना फोन लावला. ते एका वास्तुशांतीच्या पंगतीत होते, मागं वाढप्यांची गडबड ऐकू येत होती. "गयाआजी गेल्या," एवढंच मी सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. इथलं उरकून येतो."

जळकोटची लेक येईपर्यंत थांबायचं ठरलं. बायका सुनीताभोवती बसल्या. बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "पंचक हाय न्हवं? घर सोडावं लागंल बिचारीला." दुसरीनं तिला गप्प केलं. शेठ कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते ते हललेच नाहीत. पाण्याची वाटी अजून त्यांच्याच हातात होती. दुकानातून फोनवर फोन येत होते, त्यांनी एकही उचलला नाही.

गुरुजी आले तेव्हा जिन्यातले दिवे लागले होते. काखेत पंचांगाची पिशवी. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. रीतच आहे, आत यायच्या आधी विचारायचं.

"कधी गेल्या?"

सुनीतानं मान वर केली. बाकी कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्या मजल्यानं दुपारीच तो हंबरडा ऐकला होता.

शेठ भिंतीपासून सरळ झाले.

"पंचक सुटल्यावर," ते म्हणाले.

गुरुजींनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझा फोन आला तेव्हा ते जेवत होते, आणि आता रात्रीच्या जेवणाची वेळ होत आली होती. मी खाली बघितलं.

"पाणी कुणी पाजलं?" गुरुजींनी विचारलं.

"मी."

"मग वेळ यांनाच ठाऊक," गुरुजी म्हणाले, पंचांगाची पिशवी न उघडताच दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली, आणि चपला काढून घरात आले.